उज्ज्वलाताईंचे मिस्टर

फोटोत भागवत ढोकरेचं फक्त कोपर आलं होतं.

फोटो तसा झकास होता. हिवाळ्यातलं कोवळं ऊन, मागं कोथिंबिरीचे हिरवेगार वाफे आणि मधोमध हातात जुडी धरून हसणारी उज्ज्वला. तिच्या डाव्या अंगाला, चौकटीच्या अगदी काठावर, चौकड्याच्या शर्टातलं एक कोपर. फोटो काढला तेव्हा भागवत बायकोच्या शेजारीच उभा होता, पोट आत ओढून, केसांवरून पाण्याचा हात फिरवून. पण नाशिकच्या करंजकरांनी फोटो छाटून पाटीवर घेतला आणि नवऱ्यातलं कोपर तेवढं शिल्लक राहिलं. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आमच्या मिसळीवर उज्ज्वलाताई ढोकरे यांची जागी कोथिंबीर'.

"कशी झालीय?" उज्ज्वलानं मोबाइल त्याच्यापुढं धरला.

"बरी आहे," भागवत म्हणाला आणि त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "अक्षर जरा मोठं पाहिजे होतं."

त्याच्या पोटात दुखत होतं ते अक्षराच्या आकारामुळं नव्हे, हे सांगायला नकोच. माणसाला शेजाऱ्याचा हेवा वाटतो, भावाचा वाटतो, त्याची गावात चार माणसांत चर्चा तरी करता येते. बायकोचा हेवा वाटला तर माणूस जातो कुठं? ज्या ताटात ती वाढते त्याच ताटात जेवायचं आणि ती नाशिकहून हसत आली की "थकलीस का?" म्हणून विचारायचं. भागवत गेलं वर्षभर हेच करत होता आणि आतल्या आत शिजत होता.

खरं तर टेंभवाडीत 'विराम' सगळ्यात आधी आणलं ते भागवतनंच.

कोथिंबीर हे मोठं उतावळं पीक. सव्वा-दीड महिन्यात तयार होतं आणि तयार झालं की थांबत नाही. आठवडाभर उशीर केला तर दांडा धरतं, फुलावर येतं, मग त्याला कुत्रं विचारत नाही. दोन एकरवाल्याची कोंडी होते ती इथंच. कांदा चाळीत साठवता येतो, द्राक्षांचे बेदाणे करता येतात. कोथिंबीर मात्र तयार झाली की भाव असो नसो, विकून मोकळं व्हावं लागतं. व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो निवांत विडी ओढत बसू शकतो.

विराम हे त्या कोंडीवरचं औषध होतं. बी मातीत पडल्याबरोबर उगवत नाही. ऊब आणि ओल यांचा मेळ बसेपर्यंत, त्याच्याच पोटातलं एक रसायन त्याला 'थांब' म्हणून सांगत असतं. शास्त्रज्ञांनी हा 'थांब'चा निरोप बियाऐवजी पानाला कसा द्यायचा, ते शोधून काढलं. विराम फवारलं की झाडाची वाढ काही तासांत बंद व्हायची. झाड मरायचं नाही की पिवळं पडायचं नाही. जीव धरून राहण्यापुरतं अन्न करायचं आणि आहे त्या उंचीवर, आहे त्या रंगात तीन-चार आठवडे उभं राहायचं. पुन्हा वाढवायचं असेल तर 'जागर' नावाचं दुसरं औषध होतं. पण बहुतेक लोक ते घेतच नसत. झोपलेली कोथिंबीर तशीच उपटून मंडईत नेली की चांगली दोन दिवस टवटवीत दिसायची.

पहिल्या वर्षी भागवतचा काय थाट होता! सगळ्यांनी मातीमोल भावात माल विकला तेव्हा याचा माल रानात शांत झोपलेला होता. भाव कडाडला तेव्हा हा टेम्पो भरून गेला. कृषी सेवा केंद्राच्या गोकुळनं त्याला दुकानात खुर्ची दिली, तालुक्याच्या मेळाव्यात त्याच्या गळ्यात हार पडला. टेंभवाडीत लोक त्याला 'विरामशेठ' म्हणू लागले आणि त्यानंही ते मनावर घेतलं.

दुसऱ्या वर्षी विराम घरोघर पोचलं. मग भाव जरा मान वर काढतोय असं दिसलं, की तालुक्यातली झोपलेली सगळी कोथिंबीर एकाच दिवशी मंडईत. भाव तिथल्या तिथं खाली. सगळ्यांनाच थांबता येऊ लागल्यावर थांबण्यात काही राम उरला नाही. हे भागवतला कळत होतं, पण हार पडलेल्या गळ्याखाली ते उतरत नव्हतं.

आणि आणखी एक गोष्ट झाली, जी कंपनीनं जाहिरातीत सांगितली नव्हती. कोथिंबिरीचा वास म्हणजे पानात तयार होणारी हलकी तेलं. ती सारखी हवेत उडून जात असतात आणि झाड सारखी नवी करत असतं. झोपलेलं झाड मात्र जगण्यापुरतंच काम करतं, आणि वास ही त्याच्या लेखी चैन. दोन दिवसांत जुनी तेलं उडून जायची, नवी काही व्हायची नाहीत. जुडी हिरवीगार, ताठ, देखणी, आणि नाकाशी नेली तर गवत. शहरातल्या लोकांना हे ध्यानात यायला वेळ लागला. हल्ली आमटीला पूर्वीची चव नाही असं म्हणत ते दोष तेलाला देत, गॅसला देत, नाहीतर सुनेला देत.

उज्ज्वलाच्या मात्र पहिल्या हंगामातच लक्षात आलं होतं.

"अहो, हिला वास नाही."

"लोक काय वास विकत घेतात?"

"मग काय घेतात? हिरवा रंगच पाहिजे तर घास कापून नेतील की."

भागवतच्या गळ्यातला हार तेव्हा ताजा होता. तो जोरात हसला आणि म्हणाला, "असं कर, ठिबकच्या मोठ्या पाइपाच्या पलीकडचं अर्धं वावर तुझं, अलीकडचं माझं. तू वास विक, मी भाव विकतो. बघू कोण पुढं जातं." तो गमतीनं बोलला होता. उज्ज्वलानं ते गमतीवारी नेलं नाही.

तिचं सगळं वेगळंच. भागवत एकदम एकरभर पेरायचा, ती दर तिसऱ्या दिवशी एक वाफा. जुन्या पाटाखाली धने रगडून त्यांच्या दोन-दोन डाळ्या करायची आणि पेरलेल्या वाफ्यात साडीच्या काठाची चिंधी बांधलेली काडी रोवायची. चिंधीच्या रंगावरून कुठला वाफा कधी काढायचा ते तिला लांबूनच कळायचं. विरामचा थेंब नाही. काढणीच्या पहाटे प्रत्येक वाफ्यातलं एक पान चुरगळून नाकाशी न्यायचं, वास भरला असेल तरच उपटायचं आणि केळीच्या खोडावरच्या सोपटाच्या पट्टीनं जुडी बांधायची. मंडईत ती पाऊल टाकत नसे. भाव रोज बदलणाऱ्या बाजारामागं धावण्यापेक्षा, बाजारातून नाहीशी झालेली वस्तू मोजक्या माणसांना रोज ठरल्या दरानं द्यायची, एवढाच तिचा हिशोब होता. आधी दोन खाणावळी झाल्या, मग एक थालीपीठवाल्या बाई, मग करंजकर मिसळवाले.

ते करंजकर रोज संध्याकाळी फोन करायचे. "ताई, उद्या दोन जुड्या जास्त आणाल का? ताई, काल एक गिऱ्हाईक नुसती कोथिंबीर मागून मागून खात होतं हो!" उज्ज्वला फोनवर हसायची आणि भागवतच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बरं, माणूस अगदी सरळ. प्रत्येक वाक्यात 'ताई' म्हणणार, म्हणजे संशय घ्यायलाही जागा नाही.

कडेलोट केला तो गोकुळनं. ज्या दुकानात भागवतला खुर्ची मिळायची, तिथं तो एक दिवस गेला तर खुर्चीवर दुसराच कोणी बसलेला. गोकुळनं त्या माणसाशी ओळख करून दिली, "हे आपल्या उज्ज्वलाताईंचे मिस्टर."

विरामशेठचे 'मिस्टर' कधी झाले, ते भागवतला कळलंच नव्हतं.

त्यात हा मिसळ महोत्सव आला. गोदाकाठच्या मैदानावर नाशिकचे सगळे मिसळवाले दोन दिवस आपापल्या चुली मांडणार होते. करंजकरांनी त्यांच्या चुलीपुढं उज्ज्वलाची पाटी लावायचं ठरवलं आणि बाकीच्या मिसळवाल्यांना सांगून ठेवलं, या, वास घ्या, पटलं तर तुम्हीही ताईंकडून घ्या. उज्ज्वलानं तेवढ्यावर पुढचं सगळं मांडून ठेवलं. एकटीच्या वाफ्यांवर एवढी गिऱ्हाइकं भागणार नव्हती. म्हणून तिनं गावातल्या चार बायका तयार केल्या. प्रत्येकीनं एकेक वार वाटून घ्यायचा, त्या वाराला तिचा माल. बायकांनी विराम बंद करून तिच्यासारखे वाफे पाडले होते. मंगलवहिनींनी तर नवऱ्याशी भांडून पाडले होते.

"तुम्ही पण चला ना महोत्सवाला," उज्ज्वला त्या संध्याकाळी पाटीचा फोटो दाखवून झाल्यावर म्हणाली. "मला बोलायचं सुधरत नाही एवढ्या लोकांत."

"माझं काय काम तिथं? कोपर दाखवायला येऊ?"

उज्ज्वला हसली. तिला वाटलं, गंमत करताहेत.

महोत्सवाच्या दोन दिवस आधी, दुपारी, भागवत आपल्या बाजूला विराम फवारत होता. उज्ज्वला मंगलवहिनींकडं धने रगडायला गेली होती. शेवटची ओळ झाली तेव्हा पाठीवरच्या पंपात औषध उरलं होतं. फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, की उरलेलं ओतायचं कुठं. बांधावर ओततात, नाहीतर कडेच्या गवतावर मारून टाकतात. भागवत पाइपापाशी उभा राहिला. पलीकडं चिंध्या बांधलेल्या काड्या वाऱ्यावर हलत होत्या. सगळ्यात पुढचे तीन वाफे लाल चिंधीचे होते, महोत्सवासाठी राखलेले. त्यांचा वास त्याच्या नाकापर्यंत येत होता आणि तो वास चांगला होता, हेच त्याला सोसवत नव्हतं.

त्यानं कसला बेत केला नव्हता. बेत करण्याइतका तो दुष्ट नव्हता. मनात एवढंच होतं, की एक दिवस, फक्त एक दिवस, हिचा फोन वाजू नये. एक दिवस करंजकरांनी म्हणावं, असू दे ताई, कुणाचंही होतं असं. मग घरी आल्यावर ही आपल्याजवळ बसेल, काय करू म्हणून विचारेल. आपण दोन समजुतीच्या गोष्टी सांगू. त्यानं पाइप ओलांडला आणि नळी उघडली. पंप रिकामा झाला तेव्हा तीन वाफे ओले होऊन चमकत होते.

महोत्सवाच्या दिवशी पहाटे दोघंही वावरात होते. थंडी मी म्हणत होती. उज्ज्वलानं बॅटरी कमरेला खोचली, लाल चिंधीच्या वाफ्यातलं एक पान तोडून चुरगळलं आणि नाकाशी नेलं. मग दुसरं तोडलं. मग पुढच्या वाफ्यातलं. एक पान चावून पाहिलं आणि थुंकलं.

"अहो," ती म्हणाली, "जरा इकडं या बरं."

तो गेला. तिनं चुरगळलेलं पान त्याच्या नाकाशी धरलं. तिची बोटं गार पडली होती.

"मला वासच येईना. तुम्हाला येतो का?"

वास नव्हता. ओल्या गवताला असतो तेवढाच होता. अजूनही वेळ गेली नव्हती. नाही येत म्हटलं असतं, तर तिनं हे वाफे सोडले असते. मागचे कोवळे वाफे काढून, थोडा का होईना पण वासाचा माल नेला असता. भागवतला हे सगळं एका क्षणात दिसलं. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, का नाही? आणि त्या प्रश्नाच्या टोकाला पंप होता.

"येतोय की," तो म्हणाला. "चांगला झणझणीत येतोय."

"मग मला का नाही येत?"

"परवा सर्दी झालेली ना तुला."

"शेणाचा येतोय. तुमच्या स्वेटरचा येतोय. फक्त हिचाच नाही."

"रोज तेच तेच नाकाशी धरून नाक मरतं माणसाचं," भागवत म्हणाला. एकदा खोटं बोलायला सुरुवात झाली की जीभ कशी सफाईनं चालते, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. "अत्तराच्या दुकानात बसणाऱ्याला कुठं वास येतो अत्तराचा?"

उज्ज्वला घाबरली. तो तिला बावीस वर्षं ओळखत होता, पण तिला एवढी घाबरलेली त्यानं पाहिली नव्हती. तिचा सगळा धंदा त्या नाकावर उभा होता. तिनं आणखी एक पान चुरगळलं, डोळे मिटून वास घेतला आणि मग हात खाली सोडला.

"तुम्ही म्हणताय ना, मग झालं," ती म्हणाली. "आता तुम्हीच माझं नाक. चला माझ्यासंगं आज. तुम्ही नसाल तर मला धीर नाही व्हायचा."

आणि ऐका, याचं भागवतला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा तिला त्याची गरज पडली होती. त्यानं पहिल्या दिवसापुरत्या जुड्या भराभर उपटल्या, सोपटाच्या पट्ट्या तिच्या हातात दिल्या, टेम्पो स्वतः चालवला. वाटेत ती त्याच्या खांद्याला टेकून बसली होती आणि तो शीळ घालत होता.

मैदानावर तर्रीचा ठसका पसरला होता. करंजकरांच्या चुलीपुढं पाटी लागली होती. पाटीभोवती सात-आठ मिसळवाले जमलेले, गळ्यात पंचे, हातात चहाचे कप. करंजकर पुढं आले आणि सगळ्यांना म्हणाले, "आता बघा, मी काही बोलत नाही. नाकानंच बघा." त्यांनी उज्ज्वलाच्या टोपलीतली जुडी उचलली, दोन पानं चोळली आणि नाकाशी नेली.

पुन्हा चोळली. मग दुसरी जुडी घेतली.

"ताई, ही तुमचीच का?"

"माझीच. पहाटे काढली."

करंजकरांनी जुडी शेजारच्या म्हाताऱ्या मिसळवाल्याकडं दिली. त्यानं हुंगली आणि हसून परत केली. "ही काय, आमच्याकडं रोज येती तीच. झोपलेली." दोघं-तिघं हसले. कुणी म्हणालं, फोटो मात्र जागा आहे हो!

"विराम मारलेलं दिसतंय, ताई," करंजकर हळू आवाजात म्हणाले. त्यांना तिच्यापेक्षा जास्त लाज वाटत असावी.

"नाही हो भाऊ! माझ्या वाफ्यात थेंब नाही पडत विरामचा." उज्ज्वलाची मान ताठ होती. "माझं नाक सर्दीनं गेलंय, म्हणून आज ह्यांनी वास घेतलाय. मी ह्यांच्या शब्दावर आणलीय. ह्यांना विचारा."

सगळ्यांनी भागवतकडं पाहिलं. वर्षभर ज्यासाठी जीव तळमळत होता, ते अखेर झालं. तो मधोमध उभा होता आणि चार माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"येतोय की," तो म्हणाला. ते त्याचं त्यालाही नीट ऐकू आलं नाही.

यावर कोणी हसलं नाही. मिसळवाले आपापल्या चुलींकडं पांगले. करंजकरांनी पाटी उतरवून मागच्या कनातीकडं तोंड करून ठेवली आणि उज्ज्वलाला म्हणाले, "मिसळ खाऊन जा, ताई." ती नको म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती खांद्याला टेकली नाही. खिडकीतून बाहेर बघत होती. गाव जवळ आल्यावर एकदाच बोलली, "मंगलवहिनींना काय सांगू? भांडून वाफे पाडलेत त्यांनी."

घरी न जाता ती सरळ वावरात गेली. कोपऱ्यात केळीचं बेट होतं. तिथूनच ती जुड्यांसाठी सोपट काढायची. रोज उद्याच्या पट्ट्या आदल्या दिवशी कापून ठेवायच्या हा तिचा नेम, आणि जग बुडालं तरी हात नेमाचं काम सोडत नाहीत. केळीची रुंद पानं लाल चिंधीच्या शेवटच्या वाफ्यावर ओणवली होती. त्यांच्या खाली कोथिंबिरीची आठ-दहा खुरटी रोपं उभी होती. सावलीतली म्हणून ती कधी काढायची नाही. विळा लावताना तिचा हात त्यांना घासला आणि वास आला.

ती खाली बसली. एक पान चुरगळलं आणि वास घेतला. मग केळीच्या पानाच्या बाहेरचं एक तोडलं. त्याला काही नाही. पुन्हा आतलं. आतल्याचा वास थेट डोक्यात जात होता. केळीच्या पानावर वरून पांढरट डाग सुकलेले होते, फवाऱ्याचे असतात तसे.

भागवत टेम्पोपाशी उगीचच चाकाला लाथा मारून हवा बघत होता. उज्ज्वला समोर येऊन उभी राहिली आणि तिनं मूठ त्याच्या नाकाशी उघडली.

"घ्या वास."

त्यानं घेतला. नाकात, घशात, पार टाळूपर्यंत गेला.

"येतोय?"

"येतोय," भागवत म्हणाला.

"मलाही येतोय."

मग तिनं मूठ मिटली. तिनं शिव्या दिल्या असत्या, रडली असती, माहेरी जाते म्हणाली असती, तर त्याला काही ना काही उत्तर सुचलं असतं. निदान 'चुकलं' तरी म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "फवारलंत, ते समजतं मला. काय जळतं तुमच्या पोटात, ते मला दिसत नव्हतं असं समजू नका. पण पहाटे मी विचारलं तुम्हाला. मला वाटलं माझं नाक गेलं. मी किती घाबरले होते ते तुम्ही बघितलं, आणि बघून वर येतोय म्हणालात."

दुसऱ्या दिवशी भागवतनं गोकुळकडून जागर आणलं. गोकुळनं विचारलं, कशाला, कोणी घेत नाही हल्ली. भागवतनं पैसे मोजले. त्यानं तिच्या लाल चिंधीच्या वाफ्यांवर जागर फवारलं, मग आपल्या एकरावरही फवारलं आणि पंप धुऊन उलटा टांगला. महोत्सव उरकल्यावर एकटाच नाशिकला, करंजकरांच्या दुकानात गेला.

करंजकर चुलीपाशी होते. भागवतनं त्यांना सरळ सांगितलं, "औषध मी मारलं. तिला माहीत नव्हतं. वास येत नव्हता तरी येतो म्हणालो."

करंजकरांनी तर्रीत पळी फिरवली. भागवत शिव्यांची वाट बघत उभा राहिला. त्या खाल्ल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं.

"मला सांगून काय उपयोग, भागवतराव," ते म्हणाले. "माझी एक दिवसाची मिसळ गेली. पाटी ठेवलीय आत. वास आला की ताईंना फोन करायला सांगा. बाकीच्यांना मी सांगतो काय झालं ते, पण त्यांना परत आणेल तो वासच."

पाटी आत वाटाण्याच्या गोण्यांच्या मागं होती. गोण्यांच्या वर तिचा काठ तेवढा दिसत होता, आणि काठावर चौकड्याच्या शर्टातलं कोपर.

झोपलेलं झाड जागं झालं तरी लगेच वास करत नाही. आधी मुळं हलतात, मग नवी पालवी फुटते, आणि वासाची पाळी सगळ्यात शेवटी येते. मागच्या कोवळ्या वाफ्यांवर खाणावळींचं तेवढं भागत होतं. पण रोज पहाटे उज्ज्वला लाल चिंधीच्या वाफ्यात उतरायची, एक पान चुरगळायची आणि स्वतः वास घ्यायच्या आधी ते भागवतच्या नाकाशी धरायची.

"येतोय?"

"नाही."

मग ती स्वतः घ्यायची, मान हलवायची आणि घराकडं वळायची. दुसरं बोलणं नाही. चहा मिळायचा, भाकरी मिळायची, पण 'अहो' म्हणणं बंद झालं होतं. भागवतला ठाऊक होतं, परीक्षा कोथिंबिरीची नव्हती. एकेका पहाटे त्याला 'थोडासा येतोय' म्हणायचा इतका मोह व्हायचा की दात आवळून धरावे लागायचे. तिकडं मंगलवहिनी आणि बाकीच्या तिघी आपापले वाफे राखून होत्या. लाल चिंधीच्या वाफ्यांना वास आला तरच त्या पुढं जाणार होत्या, नाहीतर पुन्हा विराम.

आणि नेमकी त्याला सर्दी झाली. चांगली गच्च. कानटोपी, मफलर, लाल झालेलं नाक, आणि तरीही पहाटे वावरात हजर. उज्ज्वलानं नेहमीसारखं पान चुरगळलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"येतोय?"

त्यानं जोर लावून श्वास ओढला. काही नाही. पण तिच्या डोळ्यांत आज काहीतरी वेगळं होतं, किंवा त्याला तसं वाटलं. बहुतेक आला असावा. नवी पालवी तर फुटली होती. हो म्हटलं तर खरंही ठरलं असतं.

तेवढ्यात बांधावर ठेवलेला तिचा मोबाइल वाजला. तिचे दोन्ही हात चिखलानं आणि कोथिंबिरीच्या रसानं भरले होते. तिनं मोबाइलकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"घ्या."

भागवतनं मोबाइल कानाला लावला आणि 'हॅलो' म्हणाला.

"हॅलो, ताई?" पलीकडून करंजकर म्हणाले. "कोण बोलतंय?"

"उज्ज्वलाताईंचा मिस्टर बोलतोय."

"हां, भागवतराव. काय, आला का वास?"

हेवा संपला होता असं काही नाही. त्या 'ताई'नं आताही पोटात बारीक कळ आलीच होती. भागवतनं नाक ओढलं, गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "माझं नाक बंद आहे हो. मला नाही सांगता यायचं. थांबा, तिलाच विचारतो."

त्यानं मोबाइल उज्ज्वलाच्या कानाशी धरला. ती क्षणभर त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं हातातलं पान स्वतःच्या नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"आलाय, भाऊ," ती म्हणाली. "उद्या आणतो आम्ही."

फोन बंद झाल्यावर तिनं कमरेची सोपटाची पट्टी काढली, मधोमध चिरली आणि अर्धी त्याच्या हातात दिली. "अहो, गाठ नीट मारा," ती म्हणाली. "सैल झाली की गळतात पानं."